आधी भाकर, मग वचन: मंडळीत समुपदेशन करणाऱ्यांसाठी

समुपदेशन शिकून बाहेर पडल्यावर पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती मी पवित्र शास्त्र हातात घेऊन केली. एकोणीस वर्षांचा मुलगा अपघातात गमावलेली एक आई समोर बसली होती. बोलता बोलता ती थांबली. ती शांतता मलाच सोसवेना, म्हणून मी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन काढलं. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळं मिळून कल्याणकारक होतं, ते. तिने मान डोलावली. "हो ताई, बरोबर आहे," म्हणाली. पर्स उचलली, पुढच्या मंगळवारची वेळही ठरवून गेली. परत काही आली नाही.

त्या वचनात काही खोट नाही. पण पोराला माती देऊन पाच आठवडे झालेल्या बाईला ते ऐकवणं म्हणजे तिच्या तोंडावर हात ठेवणं होतं. 'हो, बरोबर आहे' म्हणण्याशिवाय तिला मी काही जागाच ठेवली नाही.

पुढे नगरकडच्या आणि पुण्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (म्हणजे चर्चमध्ये) काम करताना जे जमलं आणि जे फसलं, त्यातून हे टिपण तयार झालं आहे. पाळक, पाळकीणबाई, सिस्टर, महिला मंडळातल्या कार्यकर्त्या यांच्यासाठी ते आहेच. ख्रिस्ती कुटुंबं ज्यांच्याकडे येतात अशा कुठल्याही धर्माच्या समुपदेशकांनाही ते उपयोगी पडावं. प्रसंग दोन-तीन जणांचे मिसळून, खुणा पुसून लिहिले आहेत.

एलीयाचा क्रम

सुरुवातीला बायबलमधलं १ राजे, अध्याय १९ पुन्हा वाचा. उपदेशासाठी नको, केस-पेपर वाचावा तसा वाचा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या एका धमकीने पळत सुटतो. चाकराला मागे ठेवतो, रानात एकटा जातो, झुडपाखाली बसतो आणि 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणतो. थकवा, एकटेपणा, मरणाची इच्छा. आजच्या भाषेत सांगायचं तर लक्षणांची यादीच.

देव काय करतो? दूत येऊन त्याला शिवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत त्याला झोपू देतो, आणि दुसऱ्यांदा पुन्हा खाऊ घालतो. मग चाळीस दिवसांची वाट. त्यानंतर कुठे गुहेत प्रश्न येतो: एलीया, तू इथे काय करतोस? तो आपलं गाऱ्हाणं सांगतो. वारा, भूकंप, अग्नी आणि मंद वाणी होऊन जाते, तोच प्रश्न पुन्हा येतो, आणि एलीया शब्दाला शब्द तेच गाऱ्हाणं पुन्हा सांगतो. देव त्याला 'हे तू आत्ताच सांगितलंस' म्हणत नाही. सगळं ऐकून झाल्यावर पुढचं काम मिळतं, सोबतीला अलीशा मिळतो, आणि 'तू एकटा नाहीस, सात हजार आहेत' ही दुरुस्ती अगदी शेवटी होते.

आपण नेमकं उलट करतो. 'तू एकटा नाहीस' पहिल्या मिनिटाला सांगतो, आणि भाकरीचं विचारायचं राहून जातं.

श्रद्धा आणि मानसशास्त्र यांच्या भांडणात मी फार अडकत नाही, पण ते ठाऊक असावं. अँटन बॉइसन हा अमेरिकन पाळक १९२० साली स्वतः मनोरुग्णालयात दाखल झाला होता. बरा होऊन तो वूस्टरच्या मनोरुग्णालयात चॅप्लेन (इस्पितळातला पाळक) झाला आणि १९२५ च्या उन्हाळ्यात धर्मशास्त्राचे विद्यार्थी त्याने थेट वॉर्डात आणले. पुस्तकं वाचता तशी ही जिवंत माणसं वाचा, हे त्याचं सांगणं. इस्पितळातल्या पाळकीय प्रशिक्षणाचं मूळ तिथे आहे. उलट १९७० साली अमेरिकन पाळक जे अ‍ॅडम्स यांनी मांडलं की ख्रिस्ती समुपदेशनाला बायबल पुरेसं आहे, बहुतेक मनोदुःखाच्या मुळाशी पाप असतं. आपल्याकडचे बरेच उपदेशक नाव न घेता याच वाटेवर चालतात. माझं मत सरळ आहे: हाड मोडलं तर प्लास्टर घालतो आणि प्रार्थनाही करतो, तेव्हा प्लास्टर बायबलमध्ये आहे का हे कोणी विचारत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये रुग्णाबरोबर नातेवाईकांनाही राहायला ठेवून मनोविकारांवर उपचार करायची पद्धत कित्येक दशकं चालू आहे. मिशनच्या माणसांना ही दोन टोकं एकत्र धरणं नवं नाही.

खोली, दार आणि तोंड

समुपदेशन घरी करू नका. घरी सासू चहा घेऊन येते, दीर मोबाइल शोधायला येतो. देवळाच्या आवारातली एखादी खोली बघा, दाराला काच असलेली किंवा दार अर्धवट उघडं राहील अशी. आतलं दिसावं, ऐकू जाऊ नये. वेळ पन्नास मिनिटं, आणि ती आधी सांगायची. खणात बिस्किटाचा पुडा आणि पाण्याची बाटली ठेवा. राहुरी-श्रीरामपूरकडून सकाळच्या एसटीने निघालेला माणूस बहुतेक वेळा उपाशी असतो.

पहिल्या पाच मिनिटांत हे शब्द बोलून टाका: "तुम्ही इथे बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही. तीन गोष्टींना अपवाद आहे. तुमच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलाचं लैंगिक शोषण होत असेल." तिसरा अपवाद आपल्या मर्जीचा नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. 'मंडळीची अब्रू' हे कारण तिथे चालत नाही, आणि चालूही नये.

आता आपल्या मंडळ्यांचं खास दुखणं. त्याचं नाव 'प्रार्थना-विनंती'. बुधवारच्या घरोघरच्या प्रार्थनेत कोणीतरी डोळे मिटून म्हणतं, "प्रभू, आमच्या अमुक बहिणीच्या संसारात जे चाललंय ते तू जाणतोस." प्रभू जाणतच होता, आता बावीस घरं जाणतात. मी असे दोन संसार पाहिले आहेत जे भांडणापेक्षा या प्रार्थनेने जास्त विस्कटले. म्हणून नियम करा: ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याने स्वतः, स्वतःच्या शब्दांत मागायची. व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर मुळीच नाही. आणि तुम्ही पाळकीणबाई असाल तर पाळकसाहेबांनाही सांगायचं नाही. हे सगळ्यांत कठीण, मला ठाऊक आहे.

आपली मर्यादाही स्पष्ट सांगा. औषध मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरच लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. पाळकाला यातलं काही येत नसलं तरी त्याच्याकडे जे असतं ते या दोघांकडे नसतं. तो त्या घरात बाप्तिस्म्यापासून मातीपर्यंत सगळ्याला हजर असतो. त्याच नात्यामुळे काही गोष्टी त्याला सांगता येत नाहीत, हेही खरं.

पहिली भेट: झोप, जेवण, रक्ताचा रिपोर्ट

पहिल्या भेटीत आत्मिक प्रश्न विचारू नका. रात्री किती वाजता झोप लागते, पहाटे किती वाजता उघडते? जेवण जातं का? वजन उतरलं का? अंगातली ताकद गेल्यासारखी वाटते का? थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर कधी तपासली? 'माझा विश्वास थंड पडलाय' म्हणत आलेल्या एका बहिणीचं थायरॉइड बिघडलेलं निघालं. तीन महिने गोळी घेतल्यावर उपासनेतली तिची गाणी परत आली. पाप-कबुली, उपास, अभिषेकाचं तेल, सगळं करून झालेलं होतं.

'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची छोटी चाचणी मराठीत मिळते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा वर गेली तर डॉक्टरांकडे पाठवायचं. ही चाळणी आहे, निदान नव्हे, तेव्हा 'तुम्हाला डिप्रेशन आहे' असं आपण म्हणायचं नाही.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तो कुजबुजून किंवा गुळगुळीत करून विचारू नका. "जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, ते ठरवलंय का? घरात तसं काही आहे का?" विचारल्याने डोक्यात विचार शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं, या सुटकेनेच लोक रडतात. शेतीवाल्या घरात पहिला प्रश्न फवारणीच्या औषधाचा. तो डबा आजच शेजाऱ्याकडे जायला हवा, कुलूप पुरेसं नाही. त्या रात्री माणसाला एकटं सोडायचं नाही. मानसिक आरोग्याच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो कागदावर लिहून हातात द्या.

ख्रिस्ती माणूस इथे एक गोष्ट जास्त विचारतो: "मी असं केलं तर मी नरकात जाईन ना?" काही जण याच भीतीने थांबलेले असतात, म्हणून ती फटकन मोडू नका, पण तिच्यावर विसंबूनही राहू नका. दुःख अनावर झालं की ती भीती टिकत नाही. ज्यांच्या घरात असं घडून गेलंय त्यांच्याशी मात्र वेगळं बोलावं लागतं. कॅथलिक चर्चची १९९२ ची धर्मशिक्षिकासुद्धा (कॅटेकिझम, म्हणजे अधिकृत शिकवणीचं पुस्तक) मान्य करते की गंभीर मानसिक व्याधीने अशा माणसाची जबाबदारी कमी होते, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. कायदाही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानतो. पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न नेणाऱ्या नातेवाइकांना हे सांगा.

हा देव कोणता?

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत श्रद्धेकडे वळायचं. "तुम्ही रोज प्रार्थना करता का?" हा प्रश्न बाद. ती परीक्षा होते, आणि सगळे पास होतात. त्याऐवजी:

लहानपणी घरात प्रार्थना कोण करायचं, त्यांचा आवाज कसा असायचा?
तुम्ही चुकलात की देव काय करतो असं तुम्हाला शिकवलं होतं?
हे सगळं झाल्यापासून देव तुमच्याशी कसा वागतोय असं वाटतं?
कुठलं गीत आता म्हणवत नाही?

शेवटचा प्रश्न मी एका म्हाताऱ्या पाळकांकडून शिकले. त्यावर लोक क्षणात उत्तर देतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी संकटातल्या श्रद्धेचे दोन प्रकार दाखवले. एकात देव सोबती असतो, माणूस त्याच्याबरोबर वाट काढतो. दुसऱ्यात देव शिक्षा करतोय, त्याने टाकलंय, असं माणसाला वाटत राहतं, आणि हा दुसरा प्रकार खिन्नतेबरोबर वाढलेला आढळतो. म्हणजे 'श्रद्धा आहे का' यापेक्षा 'कसल्या देवावर' हे आधी कळायला हवं. बापाच्या पट्ट्याने वाढलेल्या मुलाला 'स्वर्गीय पिता' हा शब्द ऐकून मायाच वाटेल असं धरून चालू नका.

गाऱ्हाणं मांडायला शिकवणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे, पण उपासनेत आपण स्तुतीचीच निवडतो. तेराव्या स्तोत्राचा सांगाडा सोपा आहे: हाक, गाऱ्हाणं, मागणं, आणि शेवटी भरवसा. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तो शेवटचा भागच नाही. ते अंधारात संपतं, आणि तसंच शास्त्रात ठेवलेलं आहे. आशेचा शेवट न केलेली प्रार्थनाही देवाच्या पुस्तकात बसते, हे ऐकून माणसं चकित होतात.

मराठी माणसाला तर हे परकं वाटायचं कारण नाही. तुकोबा, नामदेव, जनाबाई विठ्ठलाशी किती भांडले! ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले ते ती अभंगाची भाषा बरोबर घेऊनच. देवाशी तोंड वर करून बोलायची सवय आपल्या कानाला आहे, मंडळीत शिरताना आपण ती चपलांबरोबर बाहेर ठेवतो.

एक मावशी यायच्या. नवरा शिक्षक, मूत्रपिंडाच्या आजाराने गेलेला. चार भेटी झाल्या तरी "प्रभूची इच्छा" याच्यापुढे गाडी जाईना. पाचव्या भेटीत मी त्यांना अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचायला दिलं. त्यांनी चष्मा पदराला पुसला, हळूहळू वाचलं, पान उलटून बघितलं.

"पुढचं कुठंय?"

"पुढे नाहीये, मावशी. एवढंच."

बराच वेळ त्या त्या पानावर बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "असं बोललेलं चालतं?"

मी वीजबिलाच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांना चार ओळी लिहायला सांगितल्या. व्याकरण नको, 'आमेन' नको, शेवट गोड करायचा नाही. त्यांनी लिहिलं: "प्रभू, बावीस वर्षं शनिवारी मी तुझं देऊळ झाडलं. तू एक रात्र थांबला नाहीस." वाचून दाखवताना आवाज चढला, आणि चढलेल्या आवाजाची त्यांनाच भीती वाटून त्यांनी दाराकडे पाहिलं.

हा अभ्यास देताना दोन पथ्यं पाळा. लिहिलेलं ताबडतोब सावरू नका, 'पण देव चांगला आहे' हे तुमच्या तोंडून निघता कामा नये. आणि मरणाचे विचार चालू असलेल्या किंवा भ्रम होणाऱ्या माणसाला हे घरी एकट्याने करायला देऊ नका, समोर बसवून करून घ्या.

'च' शोधा

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात चांगली रुजली आहे, आणि मराठीत ती शिकवताना एक गंमत हाती लागते. एलिस ज्याला हट्टाग्रह म्हणतात तो आपल्या भाषेत एका अक्षरात मावतो: 'च'. मुलाने ऐकायला'च' हवं. मी चुकता'च' कामा नये. एलिस स्वतः निरीश्वरवादी आणि धर्माचे कडक टीकाकार, पण पुढे त्यांनी श्रद्धावान लोकांसाठी ही पद्धत कशी वापरायची यावरच्या पुस्तकात २००१ मध्ये सहलेखन केलं. तेव्हा 'नास्तिकाची पद्धत' म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

क्रम असा: घटना काय, तिच्याबद्दल मनात चालणारं वाक्य काय, आणि त्यातून होणारी भावना काय. वाक्य त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवा, 'च'खाली रेघ ओढा. मग त्याला तपासायला लावा, आणि शक्यतो त्याने मानलेल्या वचनानेच.

मावशींचं वाक्य सातव्या भेटीत सापडलं. नवऱ्याच्या शेवटच्या रात्री त्या खुर्चीत प्रार्थना करत बसल्या होत्या आणि पहाटे तीनला त्यांचा डोळा लागला. चारला तो गेला. "मी झोपले, ताई. गेथशेमानेत शिष्य झोपले तशी. मी जागायलाच हवं होतं."

मला 'तसं काही नसतं' म्हणायचा मोह झाला. तो गिळून विचारलं, "शिष्य झोपलेले बघून येशू काय म्हणाला?"

त्यांना पाठ होतं. "घटकाभरही जागवलं नाही का म्हणाला." थांबल्या. "आणि मग म्हणाला, आत्मा उत्सुक आहे, पण देह अशक्त आहे."

"कोणाच्या देहाबद्दल?"

उत्तर द्यायला त्यांना खूप वेळ लागला. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेणं, अकरा महिने, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं.

वचन त्यांचं होतं, त्यांच्याच तोंडून आलं. मी फक्त पुढचं वाक्य विचारलं. आजार कोणाच्या पापामुळे, या प्रश्नावर अडकलेल्यांसाठी योहानाच्या नवव्या अध्यायाची सुरुवात अशीच कामी येते: जन्मांधाने पाप केलं की त्याच्या आईबापांनी, असं शिष्य विचारतात आणि येशू दोन्ही नाकारतो. पण वाद घालायला वचन वापरू नका. वादात तुम्ही जिंकलात तर समोरचा माणूस गमावलात. खरोखर धर्मशास्त्राचा प्रश्न असेल तर परवानगी घेऊन समंजस पाळकाकडे पाठवा.

क्षमेची घाई

नवरा मारतो म्हणून आलेल्या बाईला 'सत्तर वेळा सात' क्षमा कर, हे येशूचं वचन ऐकवून परत पाठवल्याची उदाहरणं प्रत्येक मंडळीत आहेत. म्हणून आधी सुरक्षितता, मग क्षमेचा विषय. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ हे क्रमांक भिंतीवर लावा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला त्याच घरात राहण्याचा हक्कही मागता येतो, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं.

क्षमा म्हणजे परत नांदायला जाणं नव्हे. तक्रार मागे घेणं, विसरणं, विश्वास ठेवणं हेही त्यात येत नाही. क्षमा एकट्याने करता येते, समेटाला दोघं लागतात, आणि त्यातल्या दुसऱ्याने बदललेलं दिसावं लागतं.

माणूस सुरक्षित असेल आणि त्याला स्वतःला क्षमा करायची असेल, तर एव्हरेट वर्दिंग्टन या ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञाच्या पायऱ्या वापराव्यात. जखम आहे तशी आठवायची. समोरच्याच्या बाजूने बघायचा प्रयत्न करायचा. आपल्यालाही कधी कोणी क्षमा केली ते आठवून ती देणगी म्हणून द्यायची. दिली हे कुठेतरी नोंदवायचं. आणि राग परत उसळला की ती नोंद धरून ठेवायची. वर्दिंग्टन यांच्या आईचा घरात शिरलेल्या चोराने खून केला होता. त्यामुळे या पायऱ्या त्यांना स्वतःलाही चढाव्या लागल्या. पाचवी पायरी मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. राग परत येतो, आणि तो आला म्हणजे क्षमा खोटी होती असं नाही.

गोळ्या, उपास, भूत

'गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी' या समजाशी भांडत बसण्यापेक्षा दोन नावं सांगा: पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, आणि तीमथ्याला पौल पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, नुसती प्रार्थना कर म्हणत नाही. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. सुरुवातीला नुसता त्रासच जाणवतो आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी 'सोडून दे, प्रभूवर टाक' म्हणतं. तेव्हा तुम्ही तिथे असायला हवं. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, साक्ष देण्यासाठी तर नाहीच.

आणखी दोन धोके मी मंडळीत वारंवार सांगते, कारण डॉक्टरांना आपल्या प्रथा ठाऊक नसतात आणि आपल्याला त्यांची औषधं. लिथियम या बायपोलर आजारावरच्या औषधावर असलेल्या माणसाने पाणी सोडून उपास केला तर रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. आणि बायपोलर आजारात (कधी खिन्नता, कधी उन्माद) रात्रभरच्या जागरण-प्रार्थनेने झोप मोडली की उन्मादाचा झटका येऊ शकतो. मंडळीला तो 'आत्म्याचा संचार' वाटतो, तीन दिवसांनी तोच तरुण घरच्यांना आवरत नाही. त्याला उपासाऐवजी दुसरं व्रत द्या, दिवसाच्या प्रार्थनेला बोलवा.

भुताबाधेची गोष्ट निघाली की हसू नका. घरचे दुखावतात आणि थेट मांत्रिकाकडे किंवा भूत काढणाऱ्या सुटका-सभेला जातात. "प्रार्थना आपण करूच, पण आधी डॉक्टरांना दाखवू," एवढं म्हणा. कॅथलिक चर्चमध्येही भूत काढण्याचा विधी बिशपांच्या खास परवानगीशिवाय करता येत नाही, आणि त्याआधी हा आजार तर नाही ना, याची खात्री करावी असं धर्मशिक्षिकाच सांगते. मारणं, दोरीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हे कोणाच्याही नावाने चालणार नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा दर्ग्याजवळच्या आश्रयस्थानात साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने मेले. तिथेही सगळे बरे व्हायलाच आणलेले होते.

जवळचं सरकारी ठिकाण माहीत असू द्या. राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी असते. पहिल्या खेपेला बरोबर जा. रांगेत तुमचं नुसतं बसणं पुरतं.

सत्रात प्रार्थना

विचारून करायची, आणि 'नको' म्हणणं सोपं जाईल असं विचारायचं: "आज प्रार्थना करून थांबूया, की नुसतंच थांबूया?" शक्यतो त्यालाच करू द्या. तुम्ही केलीत तर तीन-चार वाक्यं, त्याने वापरलेल्याच शब्दांत. प्रार्थनेत उपदेश घुसवायचा नाही ('प्रभू, हिला सहन करायला शिकव' हा उपदेशच). डोक्यावर हात ठेवण्याआधी विचारा. ज्यांच्या अंगाला नको तेव्हा हात लागलेला असतो, ते दचकतात.

समोरचा ख्रिस्ती नसेल तर प्रार्थना आणि वचन बाजूला ठेवा. दुःखात वाकलेल्या माणसाला धर्म सांगणं हे त्याच्या अडचणीचा फायदा घेणं आहे. त्याने स्वतःहून विचारलं तरी सत्राच्या वेळेत नाही.

मंडळीला काम द्या

एलीयाला शेवटी काम आणि अलीशा मिळाला. खिन्नतेत 'मन लागलं की करीन' असं माणूस म्हणतो, पण बहुतेक वेळा केल्यावर मन लागतं. म्हणून अगदी छोटं, ठरावीक वेळेचं काम: रविवारी गीतांची पुस्तकं वाटणं, चहाचे कप मांडणं. साक्ष द्यायला उभं करू नका. बरं होणाऱ्या माणसाला व्यासपीठावर चढवलं की त्याला पुन्हा आजारी पडायची सोय राहत नाही.

शोकाच्या घरी मंडळी पहिला आठवडा गर्दी करते, नंतर कोणी फिरकत नाही. वहीत तारखा लिहा: महिना, पहिला नाताळ, लग्नाचा वाढदिवस, २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस. त्या दिवशी एकाने जायचं. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांचं एवढंच बरोबर होतं, सात दिवस ते गप्प बसले. बोलायला लागले तिथून बिघडलं.

मावशींना मी देवळात पूर्वीसारखं यायला सुचवलं तेव्हा त्या म्हणाल्या, येते, पण त्या बाकावर नाही. तिसरा बाक, खिडकीकडून, दोघांची जागा. आम्ही महिला मंडळातल्या एकीला सांगितलं, तिने त्यांना डाव्या बाजूला आपल्याजवळ बसवून घेतलं. कोणी कारण विचारलं नाही. शनिवारचा झाडू त्यांनी हातात घेतलेला नाही. घ्यायलाच हवा असं मी म्हटलेलं नाही.

आणि तुम्ही

दर महिन्याला एखाद्या अनुभवी समुपदेशकासमोर, नावं काढून, आपल्या केसेस मांडा. फी देऊन. पाळकांनी तर नक्की, कारण त्यांना सांगायला कोणी नसतं. आठवड्याला किती जणांना भेटायचं तो आकडा ठरवा. माझा बाराचा आहे, त्यापुढे मी ऐकते पण ऐकू येत नाही.

पहिल्या वर्षीच्या त्या आईबद्दल मी माझ्या मार्गदर्शिकेला सांगितलं तेव्हा त्यांनी वचनाबद्दल काही विचारलं नाही. "ती आली नाही तेव्हा तू फोन केलास?" एवढंच विचारलं. मी केला नव्हता, मला लाज वाटली होती. आता न आलेल्या माणसाला मी एकदा, फक्त एकदा, फोन करते. "मंगळवारी वाट पाहिली. बऱ्या आहात ना? जेवलात का?"